आधी घंटा, मग कागद

सर, आज मी शाळेत गोंधळ घातला आणि तुमची फार आठवण आली. मोखाड्याच्या आपल्या शाळेत तुमच्याच मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसते मी आता. दुपारी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून एक आजी नातीला घेऊन आली. पोरीनं आश्रमशाळा सोडून वर्ष झालेलं, जवळ दाखला नाही, आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर. "आज घेतलीस तर हितं ऱ्हाईल बाई, नाय त उद्या तीपन भट्टीवर," आजी म्हणाली. आमचे एक जुने शिक्षक लगेच कानाशी लागले, "मॅडम, नववीत घ्याल, पण पुढच्या वर्षी दहावीचा निकाल पाडेल ही." निकाल, निकाल! जळला मेला तो निकाल. पण खोटं कशाला बोलू, घटकाभर मीही तोच हिशेब केला.

मग तुम्ही आठवलात. मी आठवीसाठी दारात उभी आहे, बा पायरीखाली चपला हातात धरून, आणि क्लार्क म्हणतोय, कागद अपुरे आहेत, जूनमध्ये या. तुम्ही मान वर न करता विचारता, "घंटा वाजवता येते का गं?" आंब्याला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर मी भीत भीत एक टोला देते. तुम्ही खेकसता, "जेवली नाहीस का? बाजारापर्यंत जाऊ दे आवाज!" मी दणके घालते, सगळी शाळा खिडक्यांतून बघते. "बघितली सगळ्यांनी. आता परत कशी पाठवू?" तुम्ही क्लार्कला सांगता. "कागद येतील सावकाश." प्रत्येक नव्या पोराला तुम्ही असंच आत घ्यायचात. मी आनंदानं मागे वळले तर बा नव्हता. मला वसतिगृहात ठेवून, एक शब्द न बोलता निघून गेला होता. त्याचा राग मी इतकी वर्षं धरून होते.

शाळेत आता विजेची बेल आहे, पण तो तुकडा मी काढू दिलेला नाही. पोरीला म्हटलं, "जा, वाजव." काय दांडगी पोर! तास अर्ध्यावर होता, सगळ्यांना वाटलं शाळा सुटली. दप्तरं घेऊन अख्खी शाळा मैदानात, आणि जुने शिक्षक कपाळाला हात लावून उभे. मी तिथंच सांगून टाकलं, ही आजपासून नववीत, राहणार वसतिगृहात. हसू आवरत खोलीत परत आले तर आजी बाकावर नाही. खिडकीतून दिसली, फाटकाशी, तोंडात पदर कोंबून रडत होती. मग डोळे पुसून चालू लागली, एकदाही मागे न बघता. बघितलं असतं तर पोर मागे धावली असती.

सर, ही खुर्ची पहिल्यापासून खिडकीकडे तोंड करून आहे. बालाही तुम्ही असंच फाटकाशी पाहिलं असणार. मला का नाही सांगितलंत? आता तो नाही, तुम्हीही नाही, हे पत्र टाकू कुठे? राहील खणात. खरं सांगू? हे बालाच लिहायचं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहिलं. भेटला तर वाचून दाखवा.