दाराबाहेरची मराठी

याडी, तुला मराठीतून लिहिते आहे. आईला याडी म्हणतात एवढं सोडून आपली बोली मला लिहिता येत नाही, आणि तुला तर वाचताच येत नव्हतं.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी आपण तांडा सोडून घाटंजीला आलो. बापूला कापसाच्या जिनिंगात चौकीदारी मिळाली होती. राहायला दोन खोल्या, आतल्या खोलीत चूल. मी पहिलीत नापास झाले तेव्हा गुरुजींनी बापूला बोलावून सांगितलं, "पोरगी वर्गात बंजारी बोलते. घरी मराठी बोला, नाही तर ही शिकत नाही." बापू घरी आला, पागोटं खुंटीला अडकवलं आणि तुझ्याकडे न बघता मराठीतच म्हणाला, "आजपासून आपली बोली बंद. पोराइच्या कानावर पडाले नाही पाहिजे."

तुला मराठी येत होती ती बाजारापुरती. तेवढ्यात दोन लेकरं कशी वाढवायची? तू गप्पच झालीस. वेणी घालताना माझी मान बोटाने वळवायचीस, जेवायला बोलवायचं तर ताटली वाजवायचीस. शाळेतून येऊन मी काही सांगितलं की हसायचीस. न कळलेल्या जागीसुद्धा हसायचीस, आणि ते मला समजायचं. भाऊ तेव्हा रांगत होता.

तो तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. नुसतं बोट दाखवायचा आणि रडायचा. आपण सगळे त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर त्याचे कान बघतात, जीभ बघतात आणि विचारतात, "दिवसभर याच्यासंगं कोण बोलते?" बापू तोंड उघडायच्या आत तू म्हणतेस, "कोणीच नाही." मग एकेक शब्द शोधत, "मी असतो जवळ. मले मराठी येत नाही. आपलं बोलाले मनाई हाय."

"मंग हा काय भिंतीपासून शिकन?" डॉक्टर म्हणाले.

बापू घरापर्यंत पुढे पुढे चालत राहिला. संध्याकाळी चुलीपाशी येऊन हळूच म्हणाला, "पोरासंगं इथं बोलत जा, दार लोटून. बाहेर मोठी अभ्यास करते. तिची मराठी बिघडाले नको."

दुसऱ्या दिवसापासून तू किती बोलत सुटलीस! आत धूर कोंडलेला, तू खोकत खोकत त्याला तांड्यातलं, बैलांचं, तुझ्या आईचं सांगते आहेस, आणि मी बाहेर पाटीवर कविता उतरवते आहे. एके दिवशी आतून त्याचा आवाज आला, "बाटी." भाकरी मागत होता. तुला हसू आवरेना. मी उठून दारापाशी गेले, तर आत येऊ न देता तूच म्हणालीस, "जाय, अभ्यास कर." मराठीत.

मी पास होत गेले, मास्तरीण झाले. भाऊ तुझ्याशी शेवटपर्यंत आपल्या बोलीत भांडला, हसला. माझ्यासाठी मात्र तू तीच बाजारातली मराठी ठेवलीस. बापू गेल्यावर मी एकदा आपल्या बोलीत काही विचारलं. शब्द चुकले असतील. तू दचकलीस, इकडेतिकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बाई, तुले शोभत नाही." तुझ्या शेवटच्या आजारात दवाखान्यात तुझ्या उशाशी मी सगळ्यात जास्त बसले, तरी मला तू एवढंच विचारायचीस, "जेवली का?" आणि भाऊ आला की तुझं बोलणं संपायचं नाही.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे. तू कुणाच्या भल्यासाठी तसं वागलीस ते मला ठाऊक आहे. तरीही सांगते, मला बापूचा राग कधी आला नाही, तो भ्यालेला माणूस होता. राग तुझा आला, याडी, आणि तो अजून गेलेला नाही.