नळाच्या वळणावरची चिचुंद्री

मी, भीमराज तुकाराम रणपिसे, वय वर्षे ६४, धंदा टेम्पोच्या बॉड्या बांधणे (आता बंद), राहणार खोली क्रमांक ११, पंचशील टेकडी, घाटकोपर पश्चिम, मुंबई, आज स्वतःच्या अकलेने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. छातीचे दुखणे आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांनी मजकूर आटोपशीर ठेवायला सांगितले होते. कलम चार आटोपता आले नाही, त्याबद्दल त्यांची माफी मागतो.

१. राहती खोली, आतील सामान आणि पोस्टाच्या पुस्तकात जे असेल ते माझी एकुलती मुलगी सौ. वसुधा, राहणार मुलुंड, हिला मिळावे. तिच्या आईची शिवणाची मशीन तिने विकू नये, वापरावी. पायडल कुरकुरते, महिन्यातून एकदा तेल घालावे लागते.

२. पत्रा कापायच्या कात्र्या, हातोड्या आणि वेल्डिंगचा सेट टेकडीच्या रहिवासी मंडळाला द्यावा. समाजमंदिरात पोरांना पत्राकाम शिकवायचे कधीपासून चालले आहे. आता तरी शिकवावे.

३. माझ्या नावावर असलेली तीनचाकी रुग्णवाहिका, जिला सगळे चिचुंद्री म्हणतात, तीही मंडळाला द्यावी. ती अशी का दिसते हे लेखी राहावे म्हणून लिहितो. वाकोल्याच्या कारखान्यात मी पंचवीस वर्षे बॉड्या बांधल्या, पण त्यातली एकही गाडी आमच्या टेकडीवर चढू शकत नव्हती. सार्वजनिक नळापाशी गल्ली काटकोनात वळते. एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला नळाचा ओटा. आजारी माणूस झोळीतूनच खाली जायचा. म्हणून १९८१ साली भंगारातला टेम्पो घेऊन मी ही गाडी बांधली. नाक निमुळते आहे, कारण वळताना भिंतीला पहिला कोपरा लागतो. कोपराच नसेल तर लागणार काय? छप्पर डावीकडे उतरते, कारण त्या बाजूला घरांचे पत्रे पुढे आलेले आहेत. मागे दुकानासारखे शटर आहे, कारण दार उघडायला गल्लीत जागा नाही. ड्रायव्हर मधोमध बसतो आणि आजाऱ्याचे पाय त्याच्या बगलेशी येतात, कारण लांबी तेवढीच मिळाली. शोभेसाठी एकही पत्रा वाकवलेला नाही. तपासणीच्या साहेबांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारले, "रणपिसे, ह्याची पुढची बाजू कुठली?"

मंडळाचे अध्यक्ष शिवदास यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवले. "ही काय चिचुंद्री आणलीस रे?" तेच चिकटले. पोरे माझ्यामागून चूं चूं करत यायची. एक म्हातारी तर म्हणाली, "मेले तरी चालेल, पण त्यात नाही बसणार." ती तापात पायी खाली गेली.

४. हे कलम वसुधाने पूर्ण वाचावे.

माझी पत्नी राधा हिला लोकांचे हसणे सहन होत नसे. एके दिवशी जेवताना म्हणाली, "अहो, पोरं तुमच्यामागून काय काय करतात, मला नाही बघवत. सरळ तोंड बसवा ना गाडीला."

मी तिला नाकाचे कारण सांगितले. ते तिला पाठ होते. "कारण तुम्हाला माहीत. लोकांना तोंड दिसतं. ती म्हातारी बसली नाही ना? लोक बसायलाच तयार नसतील तर तुमचं नाक काय कामाचं?"

जानेवारी १९८६ मध्ये मी नाक कापले. चौकोनी तोंड, दोन दिवे, बंपर, पांढरा रंग, लाल पट्टा. पुढचा भाग दोन्ही अंगांना साडेतीन इंच वाढला. माप घेताना दादू तळेकर हजर होता. दादू मालवणकडचा, वेल्डर, माझा तीस वर्षांचा सोबती. गाडी तोच चालवायचा.

"भीमा, ही नळार वळाची नाय," तो म्हणाला.

मी म्हणालो, "नळापर्यंत येईल ना? वरचा माणूस चौघं उचलून आणतील. कुणाला बोलू नकोस, नव्या रूपाचं उद्घाटन तोंडावर आलंय."

त्याने ते कोणाला सांगितले नाही. राधाने गाडीला हार घातला. "आता कशी माणसासारखी दिसते," म्हणाली.

त्यानंतर आठ दिवसांनी, शुक्रवार १७ जानेवारीला दुपारी, राधा मशीनवर बसल्या बसल्या कोसळली. टेकडीवरची माणसे कामाला गेलेली. दादूने गाडी आणली आणि ती नळापाशी अडकली. चौघे कुठून आणणार? मी आणि शेजारच्या शेवंतीबाईंनी राधाला चादरीत घालून उतरवले. शंभर पावले असतील. मला धाप लागत होती म्हणून दोनदा तिला जमिनीवर ठेवावे लागले. खाली दादू गाडी पुढेमागे करत होता आणि पत्रा भिंतीला खरवडत होता. त्या आवाजाने राधाने डोळे उघडले. "हळू, हळू," म्हणाली. "रंग जाईल."

त्यानंतर ती बोलली नाही. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, थोडे आधी आणायला हवे होते.

संध्याकाळी वसुधा मुलुंडहून आली. खोलीत माणसे भरलेली. तिने दादूला विचारले, "दादूकाका, पाच वर्षं गाडी चालवता ना? मग माझ्या आईच्या वेळीच कशी वळली नाही?"

दादूने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलेन म्हणून थांबला. मग म्हणाला, "चुकलां गो बाय माझां."

मी त्याच्या शेजारी उभा होतो. तेव्हा बोललो नाही, नंतर तीन वर्षांत बोललो नाही. दादूने त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही. वसुधाने मुलाच्या बारशाला त्याला बोलावले नाही. बाळाला चांदीचे वाळे मी आणले असे तिला वाटते. ते दादूने दिले. "माझां नाव सांगा नको," म्हणाला, आणि मी तेही ऐकले.

वसुधा, दादूकाकांची चूक नव्हती. गाडी वळणार नाही हे मला माहीत होते. आईने आग्रह धरला म्हणून तिलाही बोल लावू नकोस. माप मला माहीत होते, तिला नव्हते.

५. चौकोनी तोंड मी महिन्याभरातच कापून काढले आणि जुन्या मापाचे नाक परत बसवले. लोकांना वाटले, बायको गेली म्हणून डोके फिरले. ते तोंड पोटमाळ्यावर आहे. त्याचे तुकडे करावेत. ते दुसऱ्या कुठल्या गाडीला लावू देऊ नये. मंडळाने नाकाचे माप कधीही वाढवू नये. रंग मात्र हवा तो द्यावा, फुले काढावीत, आत पडदा लावावा, लोकांना बसावेसे वाटेल ते सगळे करावे. तेवढ्यापुरते राधाचे म्हणणे खरे होते.

६. शिवदास यांच्यावर माझा राग होता. गेल्या वर्षी त्यांच्या आईला याच गाडीने नेले, त्या बऱ्या होऊन घरी आल्या. राग संपला.

७. माझे प्रेत या गाडीतून नेऊ नये. दरम्यान कोणाला गरज लागेल. त्रिशरण-पंचशील घ्यावे, एवढे पुरे.

८. दादू तळेकर यास मी काहीही देत नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये. मला साक्षीला तोच हवा आहे.

ठिकाण: घाटकोपर. दिनांक: ९ मार्च १९८९.

सही: भीमराज तुकाराम रणपिसे

साक्षीदार १: सौ. शेवंती धोंडिराम कांबळे, खोली क्रमांक १२

साक्षीदार २: दादू विठोबा तळेकर

खुलासा: दादूने सही करण्याआधी कलम चार दोनदा वाचले. "ह्यां खोडून टाक," म्हणाला. "तिका आता कशाक सांगतस? आवस तर गेली, बापूस तरी रवांदे तिका." मी खोडलेले नाही. तरी त्याने सही केली. त्याची सही वेडीवाकडी आली आहे आणि शाई एके ठिकाणी पसरली आहे. ती त्याचीच सही आहे, माझ्यासमोर केलेली, याबद्दल पुढे कोणी शंका घेऊ नये.

भी. तु. रणपिसे