डाव्या पायाचा मोजा

प्रिय इसामु,

तुझ्या भावाच्या, आमच्या तोराओच्या, वर्षश्राद्धाला आलास, बरं वाटलं. गोड पुरणाचे चार मांजू खाल्लेस आणि वर दोन रुमालात बांधून नेलेस. साखर वाढलेल्या माणसापुढे गोडाचं ताट ठेवू नये हे मला कळतं, पण पन्नाशी उलटलेल्या बाप्याचा हात किती वेळा धरायचा? तुझी बायको हत्सुए डोळे वटारत होती आणि तू भिंतीकडे बघत चघळत होतास.

तुम्हां भावांच्या मर्दुमकीचा मला वीट आला आहे. लग्न होऊन मी हिलोला आले तेव्हा तू शाळेत जायचास, म्हणून स्पष्ट लिहिते. राग आला तर येऊ दे. दर शनिवारी परसातल्या न्हाणीत लाकडं पेटवायची, पाणी कढत करायचं आणि हौदात कोण जास्त वेळ बसतो याची पैज लावायची. तुमचे वडील बसायचे, म्हणून तुम्हीही. हूं की चूं करायचं नाही, सोसायचं. शेवटची दोन वर्षं तोराओ सगळ्यांना हरवायचा. आम्ही बायका बाहेर टॉवेल घेऊन ताटकळत उभ्या, आणि हा आतून म्हणायचा, "अजून एक ओंडका सरकव गं." तुम्ही सगळे वाहवा करायचात. तूच सर्वांत जास्त.

मग त्याचा पाय भाजला. डॉक्टर आपल्यातलाच, तरुण मुलगा. त्याने तोंडावर सांगितलं, "काका, तुम्ही काही सोसलं नाहीत. साखरेने पायाच्या नसा मेल्यात, तुम्हाला चटका कळलाच नाही." आपल्या लोकांतले असे शूरवीर त्याच्याकडे दर महिन्याला येतात म्हणे. तोराओने त्यालाच शेंबडा ठरवलं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं झालं. इस्पितळातूनही शेजाऱ्यांना निरोप काय, तर मासे धरायला गेलोय. तिथून तो परत आला नाही.

आता तुझं. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी फरशी पुसायला घेतली. तू दारात बूट काढलेस तिथून पितरांच्या देव्हाऱ्यापर्यंत आणि परत, तांबूस डाग होते. फक्त डाव्या पावलाचे. तू जराही लंगडत नव्हतास. तेच वाईट आहे.

मी ते पुसले आणि चार दिवस गप्प बसले. चारचौघांत पुरुषाची लाज काढायची नाही, हे आम्हाला शिकवलेलं. तुम्हाला नावं ठेवते, पण माझी अक्कल तरी कुठे होती? तोराओचे मोजे मी तीन आठवडे धूत होते. रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का बसतो, गार पाण्याने जातो, एवढी हुशारी मला होती. त्याला विचारलं मात्र नाही. त्याला कमीपणा वाटेल म्हणून.

तुला कमीपणा वाटावा म्हणूनच हे पत्र आहे. उद्या सकाळी आठला गाडी घेऊन दारात येते, त्याच डॉक्टरकडे जायचं. त्याआधी डावा मोजा काढ आणि तळपाय आरशात बघ. मग हत्सुएला विचार, तुझे मोजे ती कुठल्या पाण्यात धुते.

तुझीच,
किमिए वहिनी