राष्ट्रीय मोटरवाल्याचा स्टँड

॥ श्री ॥
गोंदिया, ता. १४ जानेवारी १९५२

तीर्थस्वरूप सौ. रुख्मिणीबाई व भाऊजी यांचे चरणी धाकटा भाऊ दुलीचंद याचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. संक्रांतीचा तिळगूळ शालीकराम ड्रायव्हरच्या हाती पाठवला आहे. मोटर केशोरीला पोचली तर तोही पोचेल.

पत्रास कारण की, येथील मोटर-स्टँडचे मुनीम मनिराम थकले म्हणून काम सोडून मुलाकडे गेले. मिलच्या मागचे स्टँडचे मैदान आता बेवारस पडले आहे. आम्हा मोटरमालकांच्या मंडळाला नवा माणूस पाहिजे. माझ्या मनात आहे की स्टँडची सारी व्यवस्था आपल्या राष्ट्रीय मोटर सर्व्हिसने हाती घ्यावी. भाऊजी सर्व्हिसचे निम्मे भागीदार, म्हणून त्यांची संमती मागतो.

तुम्ही म्हणाल, आपल्या तीन मोटरींपैकी एक चालते, एक चालू झाली तर चालते आणि तिसरीत कोंबड्या बसतात. पण बाई, दोष मोटरींचा नाही, स्टँडचा आहे. जो मोठ्याने ओरडेल तो सवाऱ्या ओढून नेतो. दुसरे मोटरमालक रामलाल शेठ यांच्या क्लीनरचा आवाज रेल्वेच्या शिटीसारखा, आपल्या क्लीनरला बारमाही खोकला. मोटर रिकामी जाते, रिकामी गेली की दुरुस्ती राहते, दुरुस्ती राहिली की ती बंद पडते.

मागे नागपुरास गेलो तेव्हा सोनेगावचा विमानतळ कुंपणाबाहेरून पाहिला. तिथला एक बाबू म्हणाला की विमान कंपनीचे, मैदान सरकारचे. मी विचारले, ज्याची विमाने त्याच्याच हाती मैदान का देत नाहीत? तो हसून म्हणाला, मग दुसऱ्या कंपनीचे विमान वरच घिरट्या घालत राहील. मला हे पटले नाही. एक तर मोटर वर घिरट्या घालत नाही. आणि दुसरे, मी तसा माणूस नाही.

भाऊजींचा होकार लवकर कळवावा. भाची शामकलास आशीर्वाद. भावावरची माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
दुलीचंद

॥ श्री ॥
केशोरी, ता. २२ जानेवारी १९५२

चि. दुलीचंद यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं, तिळगूळ नाही भेटला. नवेगावच्या चढावर मोटर बसली, तथी ढकलणाऱ्या लोकायले खायले दिला म्हणते शालीकराम. त्यानं बरं केलं. पण ढकलून झाल्यावर त्यायच्यातल्याच एकाले तिकीट मांगितलं, तवा तो माणूस तिळगूळ खाऊनही गोड बोलला नाही.

मले एक सांग, ज्याची गाय दाव्याले राहत नाही त्याले गावाचा कोंडवाडा कायले पाहिजे? मोटर रिकामी जाते ते स्टँडमुळं म्हणतोस, मंग रस्त्यात बंद पडते ते कोणामुळं? आमच्या धानाच्या बांध्यायमुळं? तो विमानाचा बाबू शहाणा होता. तू आपली मोटर समोर लावली तर रामलाल शेठ बोंबलणार, आन मागं लावली तर आपण बुडणार. दोन्हीकडून मरण आपलंच.

तुझे भाऊजी पत्र वाचून ठसका लागेस्तोवर हसले. मी विचारलं, काऊन हसून राहिले? तर म्हणाले, घेऊ दे त्याले स्टँड, तितक्या वेळ तरी तो मोटरी दुरुस्त कराले जाणार नाही. हाच त्यायचा होकार समज. माझा नाही.

आता खुशखबर. शामकलाचं जमलं. सालेकशाच्या बकाराम पाटलाचा मुलगा, शाळेत मास्तर आहे. लग्न वैशाखात अथीच होईल. वऱ्हाड रेल्वेनं गोंदियाले उतरेल. तथून तसंच रेल्वेनं अर्जुनीपर्यंत येऊ शकते, मंग बैलायची खासरं पाठवू. पण तुले विचारल्याबिगर ठरवलं तर तू रुसशील. मामा पाठीशी उभा राहिल्याबिगर पोट्टी बोहल्यावर चढत नाही, एवढं ध्यानात ठेव.

निर्मलाले आशीर्वाद. रागावली तरी मी तुझीच आहे, हे लिहायले नाही पाहिजे.

तुझी बाई,
रुख्मिणी

॥ श्री ॥
गोंदिया, ता. १९ फेब्रुवारी १९५२

तीर्थस्वरूप सौ. बाईंचे चरणी दुलीचंदचा सा. न. वि. वि.

शामकलाचे वाचून निर्मलाने गल्लीत साखर वाटली. मामाची मोटर असताना वऱ्हाड रेल्वेने अर्जुनीला उतरले तर मी गोंदियात तोंड कसे दाखवू? वऱ्हाड राष्ट्रीय मोटरनेच येईल आणि त्यात पहिल्या सीटवर मी असेन.

स्टँड मिळाला. मंडळाच्या बैठकीत रामलाल शेठ उभे राहून म्हणाले की मांजराच्या हाती दुधाची राखण देऊन राहिले आहो. सगळे हसले. मला राग आला. मी तडक उठून हनुमानाच्या देवळात गेलो, सगळे मागोमाग आले. तिथे देवाच्या पायांवर हात ठेवून सांगितले की आपल्या मोटरीला सूतभर सवलत देणार नाही. तिथेच मंडळाने होकार दिला.

आता तुम्ही स्टँड ओळखणार नाही. चुन्याच्या रेघा मारल्या आहेत. ज्याची पाळी त्याची मोटर रेघेवर, आणि पाळीला हजर नसेल ती रांगेच्या शेवटी. सीटा भरल्या की एकही सवारी जास्त नाही, टपावर तर नाहीच. कडुनिंबाखाली बाकडी टाकली, पाण्याचे माठ ठेवले, गावांच्या पाट्या रंगवल्या. मी शिटी वाजवली की मोटर निघते. काल एक म्हातारी म्हणाली, बेटा, अब तो डर नहीं लगता. बाई, मोटरी घेऊन पाच वर्षे झाली, असे मला कोणी म्हटले नव्हते.

भाऊजींना सांगावे की होकार फुकट गेला नाही. तुमचाही यावा अशी आशा धरून आहे.

आपला,
दुलीचंद

॥ श्री ॥
गोंदिया, ता. २३ मार्च १९५२

ती. सौ. बाईंच्या पायी निर्मलाचा नमस्कार.

हे पत्र यांच्या नकळत लिहीत आहे. यांना आता शिटीशिवाय दुसरे काही सुचत नाही. जेवायला बोलावले तर पाळी कोणाची म्हणून विचारतात.

आपली मोटर हँडल मारूनही वेळेवर सुरू होत नाही, म्हणून रोज रांगेच्या शेवटी जाते. लोक आपल्या बाकड्यांवर बसतात, आपल्या माठातले थंड पाणी पितात आणि रामलाल शेठच्या मोटरीने निघून जातात. परवा यांनी आपल्याच शालीकरामला सगळ्यांसमोर झापले. तो माझ्यापाशी येऊन रडला. म्हणाला, मालकीणबाई, पूर्वी मालक माझ्यासाठी दुसऱ्यांशी भांडत होते, आता दुसरे लोक माझ्यासाठी मालकांशी भांडतात.

मीच आता मोटरींकडे पाहते. तिसरीतल्या कोंबड्या हाकलल्या आणि तिचे चांगले सामान काढून पहिलीला लावून घेतले. मिस्त्री म्हणतो, बाई, हे आधीच व्हायला पाहिजे होते. पण बाई, खरे सांगू? यांना इतके खूश मी लग्नातही पाहिले नव्हते. म्हणून बोलायला जीभ वळत नाही.

तरी वऱ्हाड रेल्वेने अर्जुनीला न्यावे असे मला वाटते. तुम्ही सांगितले तर ऐकतील. मी लग्नाच्या आठवडाभर आधी कामाला येते, म्हणजे त्या दिवशी मोटर काढायला मी इथे नसेन. ही काळजी मनात ठेवून मायेने दोन ओळी लिहाव्या.

तुमची,
निर्मला

॥ श्री ॥
केशोरी, ता. ५ मे १९५२

दुलीचंद यास.

चिरंजीव लिहिलं नाही, ते मुद्दाम.

लग्नाच्या दिवशी मी तुले बोलली नाही, कारण पाहुणे होते. आता पाहुणे गेले. वेशीवर मोटर वाजली तशी मी आरती घेऊन धावली. मोटर रामलाल शेठची. नवरदेव उतरला, बकाराम पाटील उतरले, वाजंत्री उतरले, रामलाल शेठ स्वतः उतरला. मी आत वाकून पाहिलं, वाटलं तू पायताण शोधून राहिला असशील. मोटर रिकामी होती.

भटजी म्हणाले, मुहूर्त टळून राहिला, मामा कोणता? तवा रामलाल शेठनं पागोटं सारखं केलं आन शामकलाच्या मागं जाऊन उभा राहिला. ज्याच्याशी तू पाच वर्षं सवाऱ्यायसाठी भांडला, त्यानं माझ्या पोरीले बोहल्यावर नेलं! पोट्टी अंतरपाटाआडून मान वाकडी करू करू वेशीकडं पाहत होती. तिचे डोळे पाहून माझं काळीज फाटलं. तू आला तवा दुसरी पंगत उठून राहिली होती.

निर्मलानं मले आधी सांगितलं होतं, रेल्वेनं आणा म्हणून. मी म्हटलं, भाऊ रुसेल. चूक माझीच झाली. तू आपला स्टँड सांभाळ.

रुख्मिणी

॥ श्री ॥
गोंदिया, ता. ११ मे १९५२

तीर्थस्वरूप सौ. बाईंचे चरणी दुलीचंदचा सा. न.

तुमचे पत्र वाचून दोन दिवस स्टँडवर गेलो नाही. जे झाले ते सांगतो, मग तुम्ही द्याल ती शिक्षा.

वऱ्हाड गाडीतून उतरले तेव्हा आपली मोटर आंब्याच्या पानांनी सजवून तयार होती. पण हँडल मारता मारता शालीकरामचा दंड सुजला तरी ती घुर्र करीना. तिची पाळी निघून गेली. सुरू झाली तेव्हा नियमाप्रमाणे ती शेवटी गेली, आणि वऱ्हाडी तर आत चढून बसलेले. बकाराम पाटलांनी हात जोडले. खुद्द रामलाल शेठ म्हणाले, सेठ, जाने दो, आमची हरकत नाही. मी म्हणालो, आज भाचीसाठी मोटर पुढे काढली तर उद्या कोणाच्या साडूसाठी निघेल, आणि परवा हे पुन्हा मोकळे मैदान होईल. तेव्हा ते म्हणाले, पहिली पाळी माझी आहे, वऱ्हाड माझ्या मोटरीत बसवा. मला वाटले, देवच बोलला.

सगळ्यांना बसवून मीही चढलो. सवयीने सवाऱ्या मोजल्या. एक जास्त होती. पुन्हा मोजल्या. बाई, जास्त होतो तो मी. रामलाल शेठ हसत म्हणाले, आज मोजू नका, स्टँड-मास्तर. पण ज्याला मी रोज खाली उतरवतो तो हमाल समोरच उभा राहून पाहत होता. मी खाली उतरलो आणि शिटी वाजवली.

वाटले होते, आपली मोटर मागोमाग जाईल, मुहूर्त गाठू. ती कोहमाऱ्याला उकळली. मी शेतातून पाणी आणत होतो आणि मनात मंगलाष्टके म्हणत होतो. त्या दिवशी मी काय गमावले, ते दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

काल मंडळाची बैठक होती. रामलाल शेठनेच उठून सांगितले की स्टँड कायमचा दुलीचंदकडे राहावा, असा माणूस आपल्यात दुसरा नाही. पण एक अट. स्टँड ज्याच्या हाती, त्याची मोटर रांगेत नको, त्याच्या घरच्या कोणाचीही नको. मोटरमालकाच्या हाती स्टँड राहिला की एक तर तो दुसऱ्यांना लुटतो, नाही तर स्वतःला. मोटरी ते स्वतः घ्यायला तयार आहेत, शालीकरामसकट. राष्ट्रीय हे नावही ठेवतील. भाऊजी आणि तुम्ही म्हणाल ते करीन. स्टँड सोड म्हणाल तर उद्या सोडतो.

उत्तर यावे. रागाचे आले तरी चालेल.

आपला अपराधी,
दुलीचंद

॥ श्री ॥
केशोरी, ता. २७ मे १९५२

चि. दुलीचंद यास सेवकरामचे आशीर्वाद.

तुझी बाई लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. मोटरी दे. मी भागीदार झालो तो तुझ्याकडे पाहून झालो, मोटरींकडे पाहून नाही. स्टँड सोडू नको. बाईचे मी पाहतो, पण माझ्या पाहण्याने तिच्यात आजवर काही फरक पडलेला नाही, हे तुला ठाऊक आहेच.

सेवकराम

॥ श्री ॥
केशोरी, ता. ९ नोव्हेंबर १९५२

चि. सौ. शामकला हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. मामाले माफ कर म्हणून तू तिसऱ्यांदा लिहिलं. तुझे सासरे ती गोष्ट साऱ्या सालेकशाले हसून सांगतात, आन असा मामा आमच्या सुनेले आहे म्हणतात, हेही वाचलं.

परवा तुझ्या बाबाचा चष्मा आणायले गोंदियाले गेली होती. मामाकडं गेली नाही. पण भांडण मनात तयार होतं, कोहमाऱ्यापासून तोंडात घोळवत होती. परतताना स्टँडवर बाकड्यावर बसली, पदर समोर ओढून.

मंग मी तुझ्या मामाले पाहिलं. एका बाईचं पोरगं रडून राहिलं होतं, त्याले त्यानं कडेवर घेतलं आन त्या बाईले तिची मोटर दाखवली. एका आंधळ्या बाबाले हात धरून बसवलं. रामलाल शेठच्या डायव्हरले दरडावलं, आन तो गुमान मोटर मागं घेऊन गेला. मोटरी विकल्यावर वाळला असेल वाटलं होतं, तर अंगानं भरला आहे. मले वाटलं, याले आतापर्यंत आपण भलत्याच कामाले लावलं होतं.

मी मोटरीत बसली. राष्ट्रीयच होती, आता बिनढकलता चालते. तो सवाऱ्या मोजत मोजत माझ्यापाशी आला आन थांबला. मंग विचारलं, कुठं जाऊन राहिल्या? मी म्हटलं, केशोरी. तो खाली उतरला.

आता शिटी वाजल म्हणून सारे बसले, तर वाजेचना. वेळ टळून गेली. शालीकराम वाकून पाहे. रामलाल शेठ ओरडला, मास्तर, टाइम हो गया. तुझ्या मामानं नुसता हात वर केला आन धोतराचा सोगा धरून फाटकाबाहेर पळत सुटला. त्याले पळताना मी लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहिलं. धापा टाकत आला, खिडकीतून पळसाच्या पानातली गरम जिलबी माझ्या मांडीवर टाकली आन शिटी तोंडाले लावली. दम कुठं होता? नुसती फुसफुस निघाली. सारा स्टँड हसला. शेवटी रामलाल शेठनं तोंडानं शिटी मारली, तवा मोटर निघाली.

माझ्याजवळ आमगावचा एक व्यापारी बसला होता. तो कुरकुरला, कसला स्टँडवाला आहे हा, एका बाईसाठी सारी मोटर अडवून ठेवते! मी त्याच्याकडं वळून असं पाहिलं की त्यानं आपलं गाठोडं छातीशी धरलं. हळूच विचारलं, तुमचा कोण लागते तो?

मी म्हटलं, माझ्या पोरीचा मामा आहे.

जिलबी अर्धी तुझ्यासाठी ठेवली होती, बाबानं खाल्ली. सासूसासऱ्यायले नमस्कार सांग. पोरी, आईची आठवण आली तर लिही, आन नाही आली तरी लिही.

तुझी आई