आखाजीलाच नाटक!

६ एप्रिल १९३१, तळोदे

शांतीलाल शेठ नाटकाला त्यांच्या कापसाच्या जिनाचं आवार देतात, पण आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया उलटल्यावर! का? तर नाटकातला नोकर मालकाला बनवतो. "मास्तर, आखाजीला सालदारांचं साल सुटतं. नव्या सालाला एकदा बांधले गेले, की मग हसू द्या पोटभर!"

नाटक मूळ फ्रान्सचं, इंग्रजीवरून मी बेतलेलं. तिकडचे मालक दोन-अडीचशे वर्षं हसताहेत. आमच्या शेठजींना घाम फुटला.

खेळ आखाजीलाच होणार. आवार गेलं खड्ड्यात!

८ एप्रिल

गफूर पिंजाऱ्याने अंगण दिलं. "मेरे पास ना जमीन, ना सालदार. मैं किसको डरूँ, मास्तरसाब?"

१२ एप्रिल

नोकराचं काम माझाच सालदार मगन करतो. अक्षरशत्रू! मोट हाकता हाकता पाठ करतो — बैल मागे सरताना मी वाक्य सांगायचं, पुढे जाताना त्याने म्हणायचं. मी पुणेरी लिहिलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी त्याची अहिराणी केली. सुधारलं, झक मारत कबूल.

चिक्कू मालक व्हायला कुणी तयार होईना, म्हणून मीच. ही म्हणते, "सोंग कशाला? आहात तसेच उभे राहा!"

१५ एप्रिल

शेठ पुन्हा दारात. "नाटक बघून तुमचा मगनच निघून गेला तर?"

म्हटलं, मगन घरचा माणूस. बारा वर्षांत सालाची बोली करावी लागलेली नाही.

शेठ आल्या पावली परतले. जिंकलो!

२० एप्रिल, आखाजी

झाला खेळ! उन्हं कलताच पडदा वर. पुढे शेठ, मागे त्यांचेच सालदार.

शेवटी नोकर मालकाचे पाय धरतो, असं लिहिलेलं. मी पाय पुढे केला. मगन हलेना. मी हळूच — "धर की रे!"

तो मोठ्याने — "आज आखाजी शे, मालक. आज मी कोन्हाच सालदार नही!"

अंगण दणाणलं. शेठसुद्धा हसले. ते वाक्य माझंच, असं सगळ्यांना वाटलं. मी नाही म्हटलं नाही.

२१ एप्रिल

दिवस डोक्यावर आला, मगन नाही. त्याच्या घरी गेलो. म्हटलं, चल.

"बारा साल व्हयनात, मास्तर. 'ऱ्हाशी का' असं एकदा बी ईचारं नही तुम्ही."

विचारलं. त्याच्या दारात, उभ्याने.

"ईचार करसू आनि सांगसू."

गोठ्यातलं शेण मीच काढलं.