फ्रान्सातली रेल्वे आणि माझी सोयरीक

ती. भीमसिंगमामाला,

मोहनसिंगचा पाया पडून नमस्कार. मामीची बीपीची गोळी बराबर चालू हाय ना? इकडं सगळे बरे हायेत, फक्त माझी सोयरीक जाग्यावर न्हाई.

मामा, मी अजून हादरून राहिलो. एमए झाल्यापासून मी फ्रान्सातल्या एका गावाचा इतिहास कादंबरीसारखा लिहून राहिलो, ते तुमाला ठावं हाय. (फ्रान्सच काहून, ते इचारू नका. बा रोजच इचारतो.) गाव सेनगावाहून ल्हान, पण मधात हे एवढं उंच चर्च. मागं तिथं रेल्वे येणार व्हती. महापौर म्हणला, धुरानं चर्च काळं पडल, दुसरीकडून न्या. नेली. मग चर्चचा मोठा महंत गेला, बाजार गेला, पोरं गेली. आता फोटो काढणारे तेवढे येतेत.

हे तांड्याला ऐकवावं म्हणून मंदिरात बसलो. आता मंदिरात कायबी वाचलं तरी पोथीसारखं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. अर्थाला जगनकाका बसले. मी म्हणलं, काका, हे मराठीच हाय. तर भिकाबाई वरडली, "अर्थाबिगर पुण्य लागत न्हाई, वाच मुकाट!" मी चर्च वाचलं, काका म्हणले, मंजे आपलं मंदिर. रेल्वे मंजे एसटी. इथवर ठीक. महापौर वाचला अन् काकानं डोळे मिटून हात जोडले, "मंजे आपल्या तांड्याचे नायक उत्तमसिंग, रस्त्यात वावर जाईल म्हणून ज्यायनं एसटी फाट्यावरच थांबवली!"

नायक समोरच बसलेले. (मिनाचा बाप. आयतवारी आमचा साखरपुडा!) देवाशपथ मामा, मला फ्रान्सातलाच महापौर म्हणायचा व्हता! बाया हसून हसून पडल्या. नायकानं चप्पल घातली अन् म्हणले, "आधी त्या गावात रेल्वे आण, मग पोरगी माग."

घडून गेलेल्या इतिहासात रेल्वे! मी मिनाकडं धावलो, तर ती म्हणे, "तुला काय रूळ टाकायचेत? एक पानच तर लिहायचं."

सगळे येडे झालेत मामा. साहित्य मंजे काय सोयाबीन हाय, भाव पाहून इकायला? मी एक अक्षर बदलणार न्हाई.

तुमचा भाचा,
मोहनसिंग

ता. क. रेल्वे आली. महापौर हार घेऊन फलाटावर उभा हाय. नायकाला वाचून दाखवलं. म्हणले, चांगलं हाय, पण हार महापौराच्याच गळ्यात पायजे.

ता. क. २. घातला. साखरपुडा आयतवारीच. मामीला घेऊन नक्की या. फाट्यापासून पायीच यावं लागल, रेल्वे फ्रान्सातच आलीय. फक्त हात जोडून सांगतो, नायकासमोर "लय चालावं लागलं" म्हणू नका.