तुरटी फिरवलेलं पाणी

उमापूर, ७ जानेवारी २०२६

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं-हं करतीस, म्हणून कागद घेतला. आमच्या बचत गटाच्या अठरा जणी येत्या अठरा तारखेला, रविवारी, तेलगावला तुमची वाफेची गाडी बघायला येतोय. टेम्पो ठरला. उसाची ती जुनी गाडी तुम्ही लोकांनी परत उभी केली म्हणून सगळ्या लई हरखल्यात. सत्यभामावहिनी तेवढ्या म्हणाल्या की पोरगी फार तर तिकिटं फाडत असंल. मी चारचौघींत सांगून बसले, आमची आरू इंजिन चालवती. आता माझं नाक तुझ्या हातात हाय.

दिवाळीला आली न्हाईस ते मनात ठेवलं न्हाई, फक्त ध्यानात ठेवलंय.

पोटभर जेवत जा. माया आहे तेवढी राहू दे. वाढली तर ठेवायला घर मोठं हाय.

तुझी चंद्रभागाआत्या

तेलगाव, १२ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. एक दुरुस्ती. मी अजून शिकाऊ आहे. अठरा तारखेला आमचे जुने चालक रामकिसनकाका पहिल्यांदा सगळं माझ्यावर सोपवून बघणार आहेत. त्यांना पटलं तर इंजिन माझ्या हाती देतील, नाही तर आणखी वर्षभर कोळसा टाकायचा. म्हणजे तुमचं नाक आणि माझं काम एकाच दिवशी आलं आहे. मला ते सोयीचं वाटत नाही.

सुती साड्या नेसून या, ठिणग्या उडतात. हळद-कुंकू लावायला हरकत नाही. नारळ रुळावर फोडू नये. इंजिनाच्या कशालाही हात लावण्यापूर्वी मला विचारावं.

दिवाळीत बॉयलर दुरुस्तीला उघडलेला होता.

घरी सर्वांना नमस्कार. लोभ कमी व्हावा असं काही घडलेलं नाही, तेव्हा तो असेलच.

आरोही

उमापूर, २० जानेवारी

चि. आरूस अनेक आशीर्वाद.

अंगावरचा काटा अजून जात न्हाई.

आधी तुरटीचं. तू इंजिनाला हात लावू नका म्हणाली होतीस, हौदाचं न्हाई. पाणी गढूळ दिसलं. घरी टँकर आला की आपण पहिल्यांदा तुरटीच फिरवतो, आणि वहिनींच्या पिशवीत खडा कायम असतो. चौघींनी हौद चांगला निवळून दिला. तू तेच पाणी इंजिनाच्या टाकीत भरलंस आणि मी कौतुकानं सांगायला आले, तर तुझा चेहरा पांढराफटक! सगळ्यांदेखत म्हणालीस की गाडी निघणार न्हाई, आणि टाकीची तोटी सोडून दिलीस. वहिनी मागून बोलल्याच, बघा बाई, आता कारणं निघाली. मला भुईत जावंसं वाटलं.

मग तू विहीर दाखवलीस. बॉयलरातलं पाणी दाखवणाऱ्या काचेतली रेघ खुणेखाली जायच्या आत टाकी अर्धी झाली तर गाडी निघंल, न्हाई तर आग काढून टाकावी लागंल, म्हणालीस. बादल्या, कळश्या, डाळीचं पातेलंसुद्धा रांगेत लागलं. अन् सगळ्यात पुढं पदर खोचून कोण, तर सत्यभामावहिनी!

आणि ते काळं धूड हललं. पहिला उसासा टाकला तशी डब्यात पायाखालची फळी थरारली, ज्वारीवरची पाखरं एकदम उठली, पांढऱ्या वाफेत सगळं रान दिसेनासं झालं. एरवी एकमेकींना बोलू न देणाऱ्या अठरा बाया एकमेकींना बिलगून बसल्या. वहिनींचे हात आपोआप जोडले गेले. इंजिनाला जोडले का तुला, विचारलं तर सांगत न्हाईत.

रामकिसनभाऊ काय म्हणाले? माझ्यापायी तुझं नुकसान तर झालं न्हाई? लगोलग कळव. राग असंल तर तोही लिही, पण लिही.

तुझी आत्या

तेलगाव, २५ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

राग नाही. तुरटीचं पाणी बॉयलरमध्ये तापलं की आंबट होतं आणि हळूहळू लोखंड खातं. त्या दिवशी काहीच झालं नसतं. गाडी नीट धावली असती आणि कोणाला कळलंही नसतं. म्हणूनच थांबवणं जड गेलं.

टाकी अर्धी झाली तेव्हा काचेतलं पाणी खुणेच्या दोन बोटं वर होतं. मी झडप उघडली. बॉयलरची वाफ बॉयलरच्याच दाबाविरुद्ध पाणी आत ढकलते. हे कसं होतं ते मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं आहे. त्या दिवशी मात्र मला ते कळेना. तुम्ही ओढलेलं पाणी ते धूड पीत होतं, काचेत रेघ वर चढत होती, आणि मी आ वासून बघत होते. कोळसा टाकणाऱ्या कामरानला हाक मारून मला भानावर आणावं लागलं.

रामकिसनकाका काही बोलले नाहीत. निघायच्या वेळी इंजिनातून उतरले आणि मागं डब्यात सत्यभामाकाकूंच्या शेजारी जाऊन बसले. इंजिन चालू असताना ते डब्यात बसल्याचं इथं कोणालाच आठवत नाही.

हौदावर पाटी लावली आहे: तुरटी फिरवू नये.

होळीला येते. लोभ माझ्याकडूनही आहे, लिहायचा राहून जातो.

आरोही

ता. क. वळणावर शिट्टी एकदाच द्यायचा नियम आहे. मी दोनदा दिली. दुसरी तुम्हाला होती.